वसईच्या बेटावर जेवायचं कुठे?

सुट्टी आणि बेट ही जोडी अलीकडे फार जमली आहे. कुणी अंदमानला जातं, कुणी लक्षद्वीपला, ज्यांना परवडतं ते बालीला किंवा मालदीवला. परत आलेल्या माणसाला मी दोन प्रश्न विचारतो. समुद्र कसा होता, आणि जेवलात काय? पहिल्या प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो. दुसऱ्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "हॉटेलातच बुफे होता." चार दिवस चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी राहायचं आणि बटर चिकन नि नूडल्स खाऊन परत यायचं, याचं मला नवल वाटतं. बेटावर चांगलं जेवण नसतं असं नाही. ते शोधायचं कसं, हे कुणी सांगत नाही. आज त्याविषयी बोलावं म्हणतो. आणि त्यासाठी मी जे बेट निवडलं आहे, तिथे चर्चगेटहून लोकलने जाता येतं.

ते बेट म्हणजे वसई.

हसू नका. नकाशा काढून बघा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला सोपाऱ्याची खाडी होती. ती आता गाळाने आणि भरावाने इतकी आक्रसली आहे, की लोकलमधल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. पण एके काळी तिच्यामुळेच वसई हे बेट होतं आणि गलबतं थेट सोपाऱ्याच्या बंदराला लागत. नालासोपारा हे नाव आज आपल्याला गर्दीमुळे ठाऊक आहे. पण १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे बौद्ध स्तूप उकरून काढला आणि त्याच गावात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. म्हणजे या बेटावर माणसांची ये-जा कधी थांबलेली नाही. जो आला, तो काहीतरी इथल्या चुलीवर ठेवून गेला.

मी गेली पस्तीस वर्षं विरारला राहतो. नोकरी चर्चगेटला होती, त्यामुळे सकाळी बेट सोडायचं आणि रात्री गाठायचं, असाच नेम होता. पाहुणे मात्र सतत. देशावरच्या माणसाला समुद्राची ओढ असते आणि आमचं घर समुद्रापासून जवळ. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "इथे चांगलं कुठे मिळतं?" त्याला उत्तर देता देता मलाही काही ठोकताळे सापडले. ते वसईचे आहेत, पण कुठल्याही बेटावर चालावेत.

पहिला ठोकताळा. हॉटेलची पाटी बघण्याआधी पंचांग बघा.

वसईच्या किनाऱ्यावर पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा अशी कोळ्यांची गावं आहेत. इथली जुनी मासेमारी डोल जाळ्यांची. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी मोठी पिशवीच. ती समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. पाणी तिच्यातून वाहतं आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी आत येते. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली ही मंडळी अशी येतात. आता ही ओढ रोज सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाण्याला जोर असतो. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत डोलीत फारसं काही येत नाही. म्हणजे ताजा बोंबील खायचा असेल तर रविवार बघून उपयोग नाही, तिथी बघायला हवी.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. अर्नाळ्याच्या बाजारात एका कोळणीकडे मी बोंबील मागितले. टोपलीत थोडे होते, पण तिने ते दिले नाहीत. म्हणाली, "दादा, आज भांग हाय. हे कालचं हायत. पुनवंला या, मंग सांगा बोंबील कसा लागतो त्यो." हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई! मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. तिने बोंबील दिले. वर सांगितलंही, की चिरून वरवंट्याखाली दाबून ठेवा, पाणी निघून जाऊ द्या, मग तांदळाच्या पिठात घोळवून तळा. ज्याने असा बोंबील खाल्ला आहे, त्याला दुसरं काही सांगायला नको.

मग मी तिलाच विचारलं, की घरी नेऊन करायचं नसेल तर खायचं कुठे? तिने मागच्या गल्लीतलं एक घर दाखवलं. पुढे पत्र्याची पडवी, दोन बाकडी. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. होडीवरची पोरं आणि बर्फाच्या गाडीचे ड्रायव्हर तिथे जेवत होते. मी विचारलं, "काय काय मिळतं?" आतून उत्तर आलं, "आज मांदेली आलीया." विषय संपला. तळलेली मांदेली, चिंच-लसणीचं पातळ कालवण, तांदळाची भाकरी, भात. तेव्हापासून मी खूण बांधून ठेवली आहे. "काय काय मिळतं" याचं उत्तर पाच पानांचं असेल तर फ्रीज मोठा आहे असं समजावं. "आज हे आलंय" असं उत्तर मिळालं तर बसावं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजं म्हणून जे समोर येतं ते कुठून आलं, हा विचार तुम्हीच करा. पण सुकं असतंच. थंडी-उन्हाळ्यात बांबूंवर दोऱ्या बांधून त्यांवर हारीने बोंबील वाळत घातलेले तुम्ही पाहिले असतील. आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो. तो पावसाळ्याचा साठा असतो. बाहेर मुसळधार पाऊस आणि ताटात सुक्या जवळ्याची चटणी नि गरम भाकरी, हेही बेटावरचंच जेवण.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात किल्ला आहे. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. बेटाच्या पोटातलं हे आणखी एक छोटं बेट. होडीने थोड्याच वेळात पोचता येतं. तिथे कोळ्यांची वस्ती आहे. पर्यटक किल्ला बघतात, फोटो काढतात आणि जेवायला किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला परत येतात. माझा सल्ला एवढाच, की सकाळी होडीतून उतरल्या उतरल्या वस्तीत चौकशी करावी. चार माणसांचं जेवण कुणी करून देईल का, पैसे किती, हे आधीच ठरवावं आणि मग तटावर हिंडावं. ऐन दीडच्या ठोक्याला कुणाच्या दारात उभं राहून "काही आहे का" विचारलं तर ती माउली तरी काय करणार?

दुसरा ठोकताळा. समुद्राकडे तोंड करून बसलात तरी पाठीमागच्या वाडीकडे बघायला विसरू नका.

वसईची वाडी ज्यांनी पाहिली नाही, त्यांना ही हिरवाई सांगून कळणार नाही. विहीर, तिच्याभोवती केळी, मधे नारळ, कडेला पानवेली, मोगरा, आळू, वाल-पापडी. मुंबईच्या उपनगरांत पाटी घेऊन दारोदार येणारा भाजीवाला किंवा भाजीवाली यांना लोक 'वसईवाला', 'वसईवाली' म्हणत, ते याच वाड्यांमुळे. सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, माळी, भंडारी, कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, अशा सगळ्यांचे हात या मातीला लागले आहेत.

या वाडीतला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे सुकेळी. राजेळी जातीचं केळं पिकवायचं, सोलायचं आणि उन्हात वाळवायचं. ऐकायला एवढंच आहे. करायला बसलं म्हणजे कळतं. पाऊस गेल्यावर हे काम सुरू होतं. सकाळी केळी उन्हात मांडायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून झाकायची. दुसऱ्या दिवशी परत मांडायची. असं आठवडाभर. अवेळी पाऊस आला तर सगळं गेलं. साखर घालायची नाही, तळायचं नाही. शेवटी मधासारख्या रंगाची, बोटाला किंचित चिकटणारी सुकेळी तयार होते आणि केळीच्याच वाळक्या पानांत बांधली जाते. आगाशी आणि आसपासच्या गावांचं हे जुनं वैभव.

ती मिळते कुठे? कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते. शंकराचार्यांची समाधी म्हणून या स्थानाला मान आहे, आणि त्याच गावात होली क्रॉसचं चर्चही आहे. यात्रेला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात आणि जाताना हातात सुकेळीचा पुडा असतो. यात्रा चुकली तर आगाशीच्या बाजारात विचारा. मॉलमध्ये शोधू नका.

माझ्या ओळखीचे एक वाडीवाले आहेत. वय सत्तरीच्या पुढे. ते अजून सुकेळी करतात. मी एकदा विचारलं, "काका, किती वर्षं करणार?" म्हणाले, "हात चालतात तोवर. पोरगा नोकरीला आहे, सून नोकरीला आहे. त्यांना का म्हणून उन्हात बसवू?" थोडं थांबून म्हणाले, "केळं आहे तसं विकलं तरी पैसे होतात. वाळवायचं म्हणजे आठवड्याची राखण. गिऱ्हाईक दारात आलं तर करावंसं वाटतं. नाही आलं तर कुणासाठी करायचं?" या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आगाशीत आहात तर भुजिंग खाल्ल्याशिवाय निघू नका. १९४० च्या सुमारास आगाशीतल्या एका कुटुंबाने ते सुरू केलं, असं इथे सांगतात. कोंबडीचे तुकडे कोळशावर भाजायचे आणि मग पोहे, बटाटा, मिरची-मसाला, कोथिंबीर यांच्याबरोबर एकत्र परतायचे. पोह्यांना भाजलेल्या कोंबडीचा धुरकट वास लागतो, तीच त्याची खरी चव. आता विरारभर भुजिंगच्या पाट्या दिसतात. निवडायचं कसं? नाकाने. कोळशाची शेगडी दिसली, वास आला, तर पुढे व्हा. एरवी तो नुसता चिकन घातलेला पोहा.

तिसरा ठोकताळा. बेटावर कोण कोण येऊन गेलं ते आठवा, आणि त्यांचे सणवार विचारून घ्या.

पोर्तुगीज वसईत दोनशे वर्षं होते. त्यांचा किल्ला आज पडका आहे. पण पाव, बटाटा, काजू हे शब्द आपण रोज वापरतो, ते त्यांच्याच भाषेतून आलेले. वसईच्या ख्रिस्ती घरांत हा इतिहास ताटात दिसतो. इंद्याल घ्या. मुळात हे पोर्तुगीजांचं वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. इथे आलं, त्यात आपली मिरची-हळद पडली आणि ते वसईचं होऊन गेलं. गंमत अशी, की ज्या मिरचीला आपण 'आपली' म्हणतो, तीसुद्धा पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली.

इंद्यालबरोबर फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध असं पीठ भिजवायचं आणि ते आंबवायला जुन्या पद्धतीत ताडी घालायची. मग मूठ आवळून अंगठ्याजवळून पिठाचा गोळा उकळत्या तेलात सोडायचा. तो टम्म फुगून वर येतो. बायका गप्पा मारता मारता हे करतात. बघताना सोपं वाटतं, पण आपल्या हातून पडतो तो गोळा नसतो, नकाशा असतो. आणि या सगळ्याच्या मागे असतो तो बाटली मसाला. उन्हाळ्यात पंचवीस-तीस जिन्नस भाजून, कुटून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर टिकतो. एका घरची यादी दुसऱ्या घराशी जुळत नाही, आणि कुणी ती पूर्ण सांगतही नाही.

हे जेवण पाटी लावलेल्या हॉटेलात क्वचित मिळतं. ते घरांत असतं. पण आता बऱ्याच बायका घरून ऑर्डर घेतात. एक-दोन दिवस आधी सांगावं लागतं. गावागावांतल्या चर्चच्या सणांना खाण्याचे स्टॉल लागतात, तिथे चव घ्यावी आणि तिथेच पुढच्या वेळेसाठी फोन नंबर मागून घ्यावा. नाताळच्या आधीचे आठ दिवस या चुलींना उसंत नसते. उलट लेंट म्हणजे त्यांचा उपवासकाळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा. त्यात, विशेषतः शुक्रवारी, बऱ्याच घरांत मांस शिजत नाही. तेव्हा इंद्याल मागू नये. आपल्याकडे श्रावणात कुणी मटण मागितलं तर कसं वाटेल? तसंच ते. त्या दिवसांत मासळी आणि भाज्या मागाव्यात.

आता तुम्ही म्हणाल, सुट्टीवर आलेल्या माणसाने एवढा खटाटोप का करायचा? पंचांग बघा, आधी कळवा, गल्लीबोळ हिंडा. माझ्या बहिणीच्या मुलाने हेच विचारलं. सांगलीहून चौघं आले होते, किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये उतरले. रात्री मी फोन केला, "काय जेवलात?" "मामा, पनीर टिक्का मसाला आणि बटर नान. बरं होतं." मी म्हटलं, "अरे, हे तर सांगलीतही मिळतं." तो म्हणाला, "मिळतं ना. पण इथे दुसरं काही मिळतं हे आम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आगाशीला नेलं. त्या काकांच्या वाडीत मुलांनी पहिल्यांदा वाळत घातलेली केळी पाहिली. धाकटीने एक उचलून चाखलं आणि विचारलं, "आजोबा, यात गूळ घातलाय?" काका म्हणाले, "नाही बाळ, ऊन घातलंय." सहा पुडे घेऊन ते सांगलीला गेले. पुढच्या कार्तिकात त्यांच्या शेजाऱ्यांचाही निरोप आला, आम्हालाही पाठवा.

यासाठी हा खटाटोप. पाहुणा कुठे जेवतो, यावर पैसा कुठल्या दारात जातो ते ठरतं. पनीर ट्रकमधून येतं, नान मैद्याचं होतं. त्यासाठी वसईची वाडी असली काय आणि नसली काय, काही बिघडत नाही. पण सुकेळीला राजेळी लागते, राजेळीला वाडी लागते आणि वाडीला गोड्या पाण्याची विहीर लागते. बोंबलाला खाडी नि समुद्र स्वच्छ लागतो.

या विहिरींसाठी वसईने मोठी लढाई लढलेली आहे. १९८०च्या दशकात इथल्या विहिरींचं पाणी टँकरने उपसून विकलं जात होतं. त्याविरुद्ध आणि वाड्या गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. २०२४ मध्ये फादर गेले. २००९ मध्ये इथे महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. एवढ्या माणसांना घरं लागणारच. मीही त्यातल्याच एका इमारतीत राहतो, त्यामुळे बाहेरून आलेल्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही.

पण वाडीवाला रोज हिशेब करतो. एका बाजूला बिल्डरचा भाव, दुसऱ्या बाजूला केळीचा भाव. या हिशेबात आंदोलनाइतकंच वजन गिऱ्हाइकालाही आहे. "नाही आलं तर कुणासाठी करायचं?" असं काका म्हणाले, त्याचा अर्थ हा. दारात माणसं येत राहिली, तर एखादी वाडी आणखी दहा वर्षं टिकेल. सगळ्या टिकतील असं मी म्हणणार नाही. पण एखादी टिकली तरी पुष्कळ.

म्हणून सुट्टीला कुठल्याही बेटावर जा. अंदमानला जा, बालीला जा. तिथेही समुद्राचं एक वेळापत्रक असतं, पाठीमागे एक वाडी असते, आणि कधीतरी गलबतातून उतरलेल्या माणसांची एक चूल असते. हॉटेलच्या काउंटरवर "फेमस काय आहे" असं विचारू नका. रिक्षावाल्याला, होडीवाल्याला, बाजारातल्या बाईला विचारा, "आज तुमच्या घरी काय केलंय?" काही जण हसतील, एखादा चिडेल, पण कुणीतरी बोट दाखवून घर सांगेल.

आणि त्याचा सराव करायचा असेल तर येत्या कार्तिकात विरारला उतरा. पश्चिमेला बाहेर पडा, अर्नाळ्याकडे जाणारी बस किंवा रिक्षा धरा. आगाशीला उतरून सुकेळी कुठे मिळेल ते विचारा. पुडा घ्या, पण घाई करू नका. वाडी बघू का, असंही विचारा. बहुतेक जण दाखवतात.